न सांगितलेली पन्हळ

त्या गावात सुताराला कपाटं किंवा पलंग करायला कुणी बोलवत नसे. बोलवत ते अडलेलं दार सोडवायला.

तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा असताना तिथं आला, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं. हातात कसब होतं, पेटीत सात मापांच्या पटाश्या होत्या आणि आपण केलेल्या खुर्च्यांवर सगळ्या गावाला बसवायचं असा बेत डोक्यात होता. गाव गुरांच्या बाजाराभोवती वाढलेलं. बाजार संपला की चारी बाजूंना उघडा माळ, त्यावर बोटभर उंचीचं गवत आणि चरायला सोडलेली जनावरं. पहिल्याच आठवड्यात गुरांच्या डॉक्टरांचा निरोप आला, दवाखान्याचं दार उघडत नाही आणि बाहेर गाय ताटकळली आहे. त्यानं जाऊन दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, वरच्या कडेवर रंधा मारला, पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याचा निरोप आला. तिसऱ्या दिवशी शाळेचा. महिनाभरात खुर्च्यांचा विषय मागे पडला, आणि वर्षभरात गावानं त्याचं नाव ठेवलं, रंधेमामा. गावात नव्यानं आलेल्यांना ते त्याचं आडनावच वाटायचं. त्यानं कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

दोष लाकडाचा नव्हता. जमिनीचा होता. राखेच्या रंगाची चिकणमाती, जेमतेम दीड हात खोल, आणि तिच्याखाली पापुद्र्यांचा दगड, नखानं सोलला तर वहीची पानं सुटावीत तसा सुटणारा. उन्हाळ्यात ती माती इतकी आवळायची की भेगेत कोपरापर्यंत हात जाई. सुकताना अंगावर पांढरा खार फुटायचा. पाऊस तसा नावालाच, पण जो काही पडे तो या मातीला पुरे होई. ती फुगायची, आणि तिच्यावर बसलेली घरं एका कोपऱ्यानं वर उचलायची. चौकट तिरकी झाली की दार अडलंच. पुन्हा ऊन तापलं की घर खाली बसे, आणि कालपर्यंत हटून बसलेल्या दाराला आज मांजर आत येईल एवढी फट पडे. गावात एक बोलणं होतं, की इथं लोक घर बांधत नाहीत, घर पोहायला सोडतात.

म्हणजे कामाला तोटा नव्हता. ओल आली की रंधा मारायचा, सुकलं की पट्टी ठोकायची. शिवाय एक गंमत त्याच्या लवकरच ध्यानात आली. दार उतरवून अंगणात टेकवून ठेवलं की घरातली माणसं वेगळीच वागायला लागतात. घर उघडं पडल्यासारखं त्यांना होत असावं. येऊन उभी राहतात, चहा विचारतात, आणि मग सुनेचं, सासूचं, पोटाच्या दुखण्याचं, काय वाटेल ते बोलत सुटतात. रंधा चालू असतो तोवर बोलणंही चालू. दार जाग्यावर बसलं की दोनदा उघडून मिटून बघतात, "वा, मामा, हात आहे तुमचा!" म्हणतात, आणि तेच दार लावून घेतात. तो पेटी उचलून रस्त्याला लागतो. गावातल्या साऱ्या घरांची आतली हकिकत त्याला माहीत होती, आणि सहज म्हणून जावं असं एकही घर त्याला नव्हतं.

सुरुवातीला ते त्याला जाणवलं नाही, कारण तेव्हा बायको होती.

ती नदीकाठची. तिच्या माहेरी काठी खोवली तरी पालवी फुटायची. तिनं आल्या आल्या परसात लिंबाचं रोप लावलं. रोप दोन महिने बरं होतं, मग त्याची पानं शिरा सोडून पिवळी पडायला लागली. तिनं शेण घातलं, राख घातली, भांड्यांचं पाणी घातलं. तिसऱ्या वर्षी ते वाळलं तेव्हा तिनं उपटून पाहिलं. मुळं दीड हात खाली गेली होती, दगडाला थडकली होती आणि तिथून आडवी वळून बिचारी वाट शोधत लांबवर गेली होती. तिनं ते झाड त्याच्यासमोर आणून ठेवलं.

"बघा," ती म्हणाली.

"खारट जमीन आहे ही," तो म्हणाला. "इथं गवताशिवाय काही येत नाही."

"मग आपण इथं काय करतोय?"

त्यावर तो हसला, आणि ते हसणं त्याला पुढं आयुष्यभर नडलं. ती विचारत होती ते मनापासून. मूलबाळ झालं नव्हतं, शेजार धड नव्हता, नवरा सकाळी पेटी घेऊन जाई तो दिवेलागणीला दहा घरांचं बोलणं ऐकून दमून येई आणि मुकाट जेवून झोपे. लग्नाला सात वर्षं झाली तेव्हा ती बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून माहेरी गेली. बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, ती आली नाही. भांडण नाही, तंटा नाही. सुरुवातीला पत्रं आली, मग पत्रांतला मजकूर आटत गेला, आणि शेवटच्या पत्रात फक्त एवढं होतं, की माझी जाड चादर तिथं राहिली आहे ती वापरत जा, थंडीत उपयोगी पडेल. तो एकदा आणायला गेला होता. तिनं ऊन ऊन जेवायला वाढलं, पंख्याखाली अंथरूण घातलं आणि सकाळी बसपर्यंत पोचवायला आली. दोघांनीही विषय काढला नाही. कुणीतरी काढायला हवा होता.

त्यानंतर तो एकटा राहिला. दुकान पुढं, झोपायची खोली मागं, मधे भुशाचं पोतं. बोलायला फक्त गावातली दारं उरली.

पन्नाशीच्या अलीकडे पाच वर्षं असेल, तेव्हा माळावर सरकारी माणसं आली. त्यांच्यातल्या एका मातीवाल्या साहेबानं चराऊ कुरणात चौकोनी खड्डे खणवले आणि खड्ड्यात उतरून, सुरीनं भिंत खरवडून, वहीत काहीबाही लिहीत बसला. त्याच्या तंबूचा खांब सरळ उभा राहीना म्हणून रंधेमामाला बोलावणं आलं. काम झाल्यावर साहेबानं त्याला खड्ड्याच्या काठावर बसवून घेतलं. बोलायला त्यालाही कुणी नसावं.

"ही माती कुठून आली ठाऊक आहे?" साहेबानं विचारलं. "कुठून आलीच नाही. खालच्या या दगडाचंच पीठ आहे हे. दगड मुळात समुद्राचा चिखल. म्हणून मीठही अंगचंच."

"आणि फुगते का?"

"पाणी पिते म्हणून. पाणी दिलं नाही तर कशाला फुगेल?" साहेबानं गावाकडे बोट केलं. "तुमच्या घरांची छपरं बघा. सगळं पाणी पागोळ्यांनी भिंतीच्या बुडाशी सांडतं. छपराला पन्हळ लावा, पाणी भिंतीपासून दहा पावलं लांब नेऊन सोडा. निम्मी दारं आपोआप गप्प बसतील."

म्हणजे पंधरा-वीस वर्षं तो ज्या दुखण्यावर रंधा मारत होता त्याचं औषध छपराच्या कडेला होतं. पत्र्याची एक पन्हळ.

तो प्रामाणिक माणूस होता. ज्याच्या घरी गेला त्याला सांगत सुटला. कुणी हसलं, कुणी ऐकलं. डॉक्टरांनी पहिली पन्हळ बसवली, आणि पुढच्या ओलीत दवाखान्याचं दार एका बोटानं उघडलं. मग शिंप्यानं, मग शाळेनं. बाजारातला पत्रेवाला त्याला दिसेल तिथं हात जोडायला लागला. आणि रंधेमामाचे निरोप कमी झाले. वर्षाला शंभर घरं होती ती साठावर आली, मग तिसावर. कामाचं त्याला फारसं वाटलं नाही. आता तो खिडक्या करायचा, बाजारातल्या कुंपणाची फाटकं करायचा. पण फाटकाशी काय बोलणार!

एका घराला मात्र त्यानं पन्हळ सांगितली नाही.

ते घर होतं टेलिफोनवाल्या बाईंचं. गावात जुनं टेलिफोन एक्स्चेंज होतं तेव्हा बाई तिथं बसत. अमक्याला तमक्याशी जोडून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्या माणसं तोंडावरून ओळखत नसत, आवाजावरून ओळखत. मग आपोआप चालणारं यंत्र आलं, एक्स्चेंजला कुलूप लागलं, बाई निवृत्त झाल्या आणि गावाच्या टोकाला, बियाण्याच्या गोदामापलीकडे, दोन खोल्यांचं घर घेऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. शहरात एक भाचा होता, तो सणावाराला पत्र पाठवी. घरात टेलिफोन घेतला नव्हता. विचारलं तर म्हणत, "तीस वर्षं कानाला होतं ते भूत. आता घरात आणू?"

त्यांच्या घराची मागची बाजू वाऱ्याची, म्हणून मागच्या दाराला त्यांनी कपाट लावून टाकलं होतं. उरलं पुढचं एकच दार, आणि ते दर ओलीत अडे, कारण छपराच्या दोन्ही उतारांचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात पडे. पोस्टमन निरोप आणायचा, "मामा, बाईंचं दार रुसलंय म्हणे."

तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी आतूनच विचारलं, "कोण?"

"मिस्त्री."

"हां. तुम्ही एकदा बहिणीच्या... नाही, बायकोच्या माहेरी फोन लावला होता. बरीच वर्षं झाली. पलीकडे कुणी उचलला नाही. तुम्ही म्हणालात, राहू द्या, पुन्हा लावू नका."

हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनाही बहुधा बोलून गेल्यावर कळलं असावं, कारण त्या घाईनं म्हणाल्या, "ढकला जरा जोरानं, मी आतून ओढते," आणि दोघांनी मिळून दार उघडलं.

त्या दिवशी अर्ध्या तासाच्या कामाला त्यानं अख्खी सकाळ लावली. बाई बोलत नव्हत्या, हीच तर नवलाई. त्या ऐकत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारत होतं, मग पुढं काय झालं? त्यानं लिंबाच्या झाडाचं सांगितलं. जाड चादरीचं सांगितलं. बाई मधेच "हं" म्हणत, जणू तारेवर माणूस आहे ना याची खात्री करून घेत असाव्यात. निघताना पन्हळीचं त्याच्या ओठांवर आलं होतं. छपराकडे त्यानं पाहिलंही. मग पेटी उचलली आणि म्हणाला, "पुढच्या ओलीत पुन्हा अडलं तर कळवा."

"अडेल का?"

"माती आहे बाई. सांगता येत नाही."

सांगता येत होतं. नक्की येत होतं. पण वर्षातून दोनदा, कधी तीनदा, त्या घरी जायला त्याला दार लागत होतं. असं तेरा वर्षं चाललं. दरवेळी तो मनाशी म्हणे, पुढच्या खेपेला सांगू. दरवेळी बाई कपबशी पुढं करत आणि ते राहून जाई. मनाला समजवायला कारणंही होती. बाईंचं वय झालं, त्यांना शिडी, पत्रेवाला, ठोकाठोकी कशाला? आपण आहोतच की.

तो अठ्ठावन्न वर्षांचा होता त्या साली अवेळी ढग आले आणि दोन दिवस, रविवार-सोमवार, बारीक पण न थांबता पाऊस लागला. पावसाळ्यातही कधी लागत नाही असा. गावातले लोक गुरं आत घेण्याच्या गडबडीत होते. हा आपल्या दुकानात बसून रंध्याच्या पात्याला धार लावत होता, आणि खरं सांगायचं तर खुशीत होता. एवढ्या पाण्यात बाईंचं दार रुसणार नाही तर काय! मंगळवारी उघडीप झाली. त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पोस्टमनची वाट बघत बसला.

दुपारी पोस्टमन सायकल हातात धरून, चिखल तुडवत आला. चाकांना इतकी माती लागली होती की सायकलच त्याच्यावर बसल्यासारखी दिसत होती.

"काही निरोप?" यानं विचारलं.

"कुणाचा?"

"असंच. कुणाचाही."

"नाही बुवा," म्हणून पोस्टमन पुढं गेला.

रंधेमामाचं मन खट्टू झालं. मग त्यात शंका शिरली. बसथांब्याजवळ एक नवा सुतार आला होता, विजेवर चालणारा रंधा घेऊन. बाईंनी त्याला बोलावलं असेल? तेरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पण माणसाचा काय नेम? रात्रभर हा कूस बदलत राहिला. बुधवारी सकाळी ठरवलं, निरोप नाही तर जायचं नाही. आपणही काही रस्त्यावर पडलेलो नाही. दुपारी पुन्हा पोस्टमन गेला, न थांबता. चार वाजता याचा धीर सुटला. गोदामाचं फाटक बघायला जातो असं स्वतःलाच सांगून, पेटी घेऊन तो निघाला.

बाईंच्या दारासमोर उभा राहिला आणि पहिल्या नजरेत त्याला दोन गोष्टी दिसल्या. दाराच्या कडेला ताज्या रंध्याची खूण नव्हती, म्हणजे नवा सुतार आलेला नव्हता. आणि कोपऱ्यातली माती इतकी फुगली होती की उंबरठ्याचं एक टोक टाचेइतकं वर आलं होतं. चौकट पत्त्यांच्या घरासारखी कलली होती. असं अडलेलं दार त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"बाई!"

उत्तर नाही. त्यानं कान लाकडाला लावला. आतून ठक् असा आवाज आला. मग थांबून पुन्हा ठक्. चमचा फरशीवर आपटावा तसा.

बत्तीस वर्षं दारं सोडवणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा दार फोडलं. रंध्याचा उपयोग नव्हता, बिजागऱ्या आतून होत्या. त्यानं खालच्या फळीत पटाशी घातली, हातोड्याचे घाव घातले, फळी निघाली तशी पालथा पडून आत सरपटला. बाई स्वयंपाकघराच्या तोंडाशी पडल्या होत्या. शेजारी गळतीखाली ठेवलेली बादली कलंडलेली. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "पाणी."

त्यानं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजलं.

"काल पहाटे दाराची कडी काढली आणि बादली उचलायला वळले, तर पडले," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "पाय हलत नाही. पोस्टमन आला होता काल. हाक मारली त्यानं. दार ढकललं. एकदा, दोनदा. मी ओरडत होते हो, पण घशातून निघेचना. तो म्हणाला, 'गेल्या वाटतं भाच्याकडे, दारातलंच कुलूप लावून.' आणि गेला."

गुरांच्या डॉक्टरांच्या गाडीत घालून त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. भाचा आला, ऑपरेशन झालं. रंधेमामा तीन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसून होता. सगळे त्याचं कौतुक करत होते. परिचारिका म्हणाली, "तुमच्यामुळे वाचल्या हो आजी." भाच्यानं तर वाकून नमस्कार केला. तो नमस्कार त्याला एखाद्या थपडेसारखा लागला.

चौथ्या दिवशी भाचा औषधं आणायला खाली गेला तेव्हा तो आत गेला. बाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"बाई, एक सांगायचंय."

"बसा की आधी."

तो बसला नाही. "तुमच्या दाराला रंधा नको होता. पन्हळ हवी होती. छपराला. मी सगळ्या गावाला सांगितली. तुम्हाला नाही सांगितली. तेरा वर्षं."

बाईंना कळायला थोडा वेळ लागला. "पन्हळ लावली असती तर दार अडलं नसतं?"

"नसतं."

"पोस्टमननं ढकललं तेव्हा उघडलं असतं?"

"हो."

"का नाही सांगितली?"

त्यानं या उत्तराची तीन दिवस जुळवाजुळव केली होती. ऐन वेळी एवढंच निघालं, "मग मला तुमच्याकडे यायला काय राहिलं असतं?"

बाईंनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. "यायचं होतं तर यायचं, मिस्त्री. दाराला कशाला मधे घातलंत?" आणि मग, आवाज न चढवता, "दीड दिवस. दीड दिवस मी छताकडे बघत होते. जा आता तुम्ही."

तो गेला.

बाई परत गावात आल्या नाहीत. भाचा त्यांना शहरात घेऊन गेला, आणि महिन्यानं येऊन घर आवरून, किल्ली पोस्टमनजवळ ठेवून गेला. रंधेमामानं ती किल्ली मागून घेतली. फोडलेल्या दाराला नवी फळी बसवली. चौकट उखडली, खालची फुगरी माती दगड लागेपर्यंत उपसली आणि त्या दगडावर मुरूम, चुना भरून चौकट पुन्हा उभी केली. मग शिडी लावून छपराला स्वतःच्या हातानं पन्हळ ठोकली आणि पाणी गोदामाच्या पलीकडच्या घळीत नेऊन सोडलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि ते कुणी पाहिलंही नाही. पुढच्या ओलीत तो मुद्दाम जाऊन बघून आला. दार करंगळीनं उघडलं. आत कुणी नव्हतं. तो उंबरठ्यावर थोडा वेळ उभा राहिला, मग दार ओढून घेऊन परत आला.

वर्षभरानं त्या घरात बियाणे गोदामाचा नवा कारकून आणि त्याची बायको राहायला आली. त्यांनी कधी सुताराला बोलावलं नाही. बोलवायचं कारणच नव्हतं.

त्या वर्षात तो कसा जगला हे सांगण्यासारखं फार नाही. काम होतं तेवढं करी. इस्पितळातलं बाईंचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. शेवटी एका सकाळी त्यानं भाच्याचा पत्ता पोस्टमनकडून लिहून घेतला आणि बसमध्ये बसला. सहा तासांचा प्रवास. पेटी नेली नव्हती. हात इतके रिकामे वाटत होते की वाटेत एका थांब्यावर त्यानं संत्री घेतली, ती केवळ धरायला काहीतरी हवं म्हणून.

भाच्याचं घर चौथ्या मजल्यावर. दार बाईंनीच उघडलं, चौपायी काठी धरून. त्या निम्म्या झाल्या होत्या.

"कोण?" त्यांनी विचारलं. डोळ्यांनाही आता कमी दिसत होतं.

"मिस्त्री."

त्या दारातून हलल्या नाहीत. तो जिना उतरायच्या तयारीत होता.

"कशाला आलात?"

"कशाला नाही. यायचं होतं म्हणून आलो."

"संत्री आहेत का ती? वास येतोय." त्या बाजूला झाल्या. "या. भाचा, भाचेसून कामावर असतात. दिवसभर घरात मी आणि फ्रीज. त्याचीच काय ती घरघर."

त्या दिवशी फारसं बोलणं झालं नाही. रंधा नव्हता, त्यामुळे गप्प बसलं की ती शांतता उघडी पडे. दोघांनी संत्री सोलली. पन्हळीचा विषय निघाला नाही. बाईंनी क्षमा केली का, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढंही कधी कळलं नाही. निघताना त्यानं विचारलं, "पुढच्या महिन्यात येऊ?"

"सकाळचे या," त्या म्हणाल्या. "दुपारी मी झोपते."

असा तो अकरा वेळा गेला. कधी गावातल्या गोष्टी सांगे, कधी बाई जुने आवाज आठवून नकला करत, गुरांच्या डॉक्टरांच्या वडिलांची, बाजारातल्या दलालाची, आणि एकदा तर त्याची स्वतःची: "राहू द्या, पुन्हा लावू नका." त्यावर दोघं हसले, आणि मग त्याला रडू आलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

बाराव्या खेपेची तयारी केली होती तेव्हा पोस्टमननं भाच्याचं पत्र आणून दिलं. बाई आठवड्यापूर्वी झोपेतच गेल्या होत्या. पोस्टमननं सायकल भिंतीला टेकवली. "मीही ढकललं होतं हो ते दार," तो म्हणाला. "अजून झोपेत ढकलतो."

रंधेमामानं पन्हळीचं खरं ते सांगून टाकलं, उभ्या उभ्या. पोस्टमननं ऐकून घेतलं, सायकल उचलली आणि गेला.

पुढच्या रविवारी रंधेमामा त्याच्या घरी गेला. पोस्टमनच्या बायकोनं त्याला बघितलं आणि आत हाक दिली, "अहो, कुठलं दार अडलंय आपलं?"

"दार नाही, वहिनी," तो म्हणाला. "असाच आलो."

ती गोंधळली. त्या घरात असं कधी तो आला नव्हता, त्यामुळे त्याला कुठं बसवावं हे कुणाला कळेना. पोस्टमन आतून आला, भिंतीशी टेकवलेली घडीची खुर्ची उघडून त्याच्यापुढं ठेवली आणि स्वतः पायरीवर बसला. बोलणं काही जमलं नाही. समोर माळावरून गुरं परतत होती, त्यांच्या खुरांखाली राखी धूळ उडत होती. अर्ध्या तासानं तो उठला.

"चहा राहिला," पोस्टमनची बायको म्हणाली.

"पुढच्या रविवारी घेईन," तो म्हणाला, आणि पुढच्या रविवारी खरंच गेला.